एका केसाची रेघ

लघुचित्र म्हणजे लहान चित्र, एवढाच अर्थ आपण या शब्दावरून काढतो. परंतु नुसते लहान असणे हे त्याचे वैशिष्ट्य नव्हे. पुस्तकाच्या पानावर मावेल एवढ्या जागेत एक बाग दाखवायची, बागेत कारंजे, कारंज्याकाठी मोर आणि मोराच्या पिसाऱ्यावरचे डोळेही दाखवायचे. भिंग लावून पाहिले तरी रंग कोठे ओघळलेला दिसता कामा नये. अशी चित्रे पूर्वी हस्तलिखित ग्रंथांसाठी काढत असत. ती भिंतीवर टांगून लांबून पाहण्यासाठी नव्हती. पुस्तक हातात धरावे, चेहऱ्याजवळ न्यावे आणि चित्र अक्षरासारखे वाचावे, अशी ती रीत होती.

आपला मुलूख या चित्रांना परका नाही. पन्हाळगड एके काळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. त्या घराण्यातील दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाने १५८० ते १६२७ या काळात राज्य केले. त्याला गाण्याचा आणि चित्रकलेचा भारी शौक होता. हातात करताल घेऊन उभा असलेला हा बादशहा एका लघुचित्रात दिसतो. ते चित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. विजापुरात तयार झालेला 'नुजूम-उल-उलूम' हा १५७० सालचा सचित्र ग्रंथ तर आयर्लंडमधील डब्लिन शहरात आहे. कोल्हापुरातून विजापूरला एस. टी. ने जाता येते, पण तिथली चित्रे पाहायला मात्र समुद्र ओलांडावा लागतो! मी ती छापील पुस्तकातच पाहिली. तीच पाहून मला वाटले, आपणही हे शिकावे.

त्या वेळी माझ्या वयाची बत्तीस वर्षे पूर्ण झाली होती. मी शाळेत मराठी शिकवते. बी. एड. करताना फळ्यावर आकृत्या काढण्याचा सराव झाला होता, तेवढीच माझी चित्रकला. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या अम्मींना, मी हा विचार सांगितला. त्या म्हणाल्या, "शीक की, पण चष्मा लागेल बघ." चष्मा मला आधीच होता.

कोल्हापूर हे चित्रकारांचे गाव आहे. आबालाल रहिमान यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परत आले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थाच्या परिसरात राहून त्यांनी इथल्या पाण्याची, घाटांची आणि झाडांची चित्रे काढली. १९३१ साली ते वारले. त्यांची चित्रे टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. ती लघुचित्रे नव्हेत, तरी एकदा जाऊन पाहा. आपल्या रोजच्या रस्त्यावरचे तळे कोणी इतक्या शांतपणे पाहिले होते, हे त्यातून कळते.

मला गुरू भेटले ते मात्र एका बोळात. चाचा पाट्या रंगवत असत. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, मोटारसायकलींचे नंबर, सर्व काही. तरुणपणी ते काही वर्षे जयपूरला होते. तेथे एका कारखान्यात जुन्या लघुचित्रांच्या नकला काढण्याचे काम ते करत. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवून घेणारे लोक कमी झाले. मी गेले तेव्हा चाचांकडे वेळ पुष्कळ होता आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. "माझा हात आहे तोवर ये, बेटी," ते म्हणाले. "डोळ्यांचा भरवसा नाही."

पहिला महिनाभर त्यांनी मला रंगाची एकही बाटली उघडू दिली नाही. मुलांची जुनी दुरेघी वही, काळी शाई आणि शून्य नंबरचा ब्रश एवढेच सामान. वहीतील दोन रेघांच्या मधल्या पट्टीत ब्रशने दहा रेघा मारायच्या. एकही रेघ दुसरीला चिकटता कामा नये आणि सगळ्यांची जाडी सारखी हवी. सरळ रेघा झाल्या की चंद्रकोरीसारख्या, मग पाण्याच्या लाटेसारख्या. नवशिक्याची रेघ मध्येच जाड होते, कारण तो ब्रश पेन्सिलीसारखा दाबतो. चाचा सांगत, "मनगट आधी टेकव. करंगळी कागदावर ठेव. श्वास सोड, आणि मग रेघ." हे ऐकायला सोपे वाटते. मला ते जमायला पावसाळा संपावा लागला.

तुमच्यापैकी ज्यांनी तख्तीवर बोरूने उर्दू अक्षरे गिरवली आहेत, त्यांना ही शिस्त नवी वाटणार नाही. नस्तालीक लिपीत अक्षराची उंची नुक्त्याने मोजतात. कोणते अक्षर किती नुक्त्यांचे, हे ठरलेले असते. कातिबाचा हात आणि मुसव्विराचा हात एकाच तालमीतले. जुन्या ग्रंथशाळांत ही दोन्ही माणसे शेजारी शेजारी बसून काम करत असत.

ब्रशाविषयी लोकांच्या मनात एक समजूत असते, की लघुचित्र एका केसाच्या ब्रशाने काढतात. एका केसात रंग राहणार कसा? पूर्वी खारीच्या शेपटीचे केस कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवून ब्रश करत. त्यात केस अनेक असत, पण टोकाला एकच केस पुढे येई. पोटात रंग साठायचा आणि टोकाने तो थोडा थोडा उतरायचा. आज आपल्याला प्राण्यांच्या केसांची गरज नाही. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणे तर कायद्याने गुन्हा आहे. तसा ब्रश कोणी दाखवला तर घेऊ नका. नायलॉनचा शून्य नंबरचा ब्रश बाजारात मिळतो. तो वापरून झाल्यावर धुवावा, बोटांनी टोक जुळवावे आणि डबीत आडवा ठेवावा. पाण्याच्या भांड्यात उभा ठेवलेला ब्रश दोन दिवसांत वाकतो.

कागदही घरी करता येतो. त्याला वसली म्हणतात. दोन-तीन ड्रॉइंग पेपर मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे. मधली हवा हाताने काढून टाकायची. मग वजनाखाली ठेवून पूर्ण वाळवायचे. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, आपण त्याच्या वाटेला जाऊ नये. वाळलेला कागद गुळगुळीत दगडाने किंवा कवडीने घोटायचा. चाचांकडे अकीकाचा एक लहान दगड आहे, जयपूरहून आणलेला. घोटल्यावर कागदावरून हात फिरवला की तो रेशमासारखा लागतो. आपली बारीक रेघ खरखरीत कागदावर तुटते, ती या कागदावर तुटत नाही.

रंगांच्या बाबतीत जुन्या लोकांचे वैभव मोठे होते. निळा लाजवर्द बदख्शानच्या खाणीतून यायचा. लाल हिंगूळ आणि पिवळी हरताळ हे दोन्ही खनिज रंग, आणि दोन्ही विषारी. काळा रंग दिव्याच्या काजळीचा. हे सगळे बाभळीच्या डिंकात खलत. आपल्याला पोस्टर कलर पुरतात. महत्त्वाचे आहे ते पाण्याचे प्रमाण. रंग साईसारखा घट्ट असेल तर ब्रश अडखळतो, आणि पाण्यासारखा असेल तर कागदावर पसरतो. तो दुधासारखा हवा. रंग भरलेल्या ब्रशचे टोक आधी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहायचे. तेथे बारीक रेघ उमटली तरच ते चित्रावर न्यायचे. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, ही चाचांची सर्वांत कडक आज्ञा. मी चित्रावर फुंकर मारू लागले की ते नुसते माझ्याकडे पाहत.

मोठी जागा आधी रंगवायची, म्हणजे आकाश, जमीन, भिंत. नंतर झाडे आणि वस्त्रे. बाह्यरेषा अगदी शेवटी. मध्ये येते ते 'पर्दाख्त'. अतिशय बारीक रेघा आणि ठिपके शेजारी शेजारी देऊन उजेड आणि सावली दाखवायची, याला हे नाव आहे. आंब्याच्या एका पानाला मला तीन संध्याकाळी लागल्या. पान माझ्या नखाएवढे होते.

एवढे सगळे एकाच माणसाला यायला हवे, असे मात्र पूर्वी नव्हते. अकबराच्या चित्रशाळेत अनेकदा एक जण रेखाटन करी, दुसरा रंग भरी आणि चेहरे काढायला तिसराच असे. पुष्कळ चित्रांच्या समासात त्यांची नावेही लिहून ठेवलेली आहेत. तेथील दसवंत नावाचा मोठा चित्रकार पालखी उचलणाऱ्या कहाराचा मुलगा होता. तो भिंतींवर चित्रे काढायचा. बादशहाचे लक्ष गेले आणि त्याला शिराझहून आलेल्या ख्वाजा अब्दुस्समद यांच्या हाती सोपवण्यात आले. अबुल फजलने हे लिहून ठेवले आहे. ही हकिकत मी वर्गात सांगते, तेव्हा मागच्या बाकावरची मुले बाकावर काढलेली चित्रे हाताने झाकून घेतात. मला हसू येते.

चाचांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन गेल्या महिन्यात झाले. वाकून काम करायला डॉक्टरांनी काही दिवस मनाई केली आहे. म्हणून आता मी त्यांच्या शेजारी बसते आणि ते कान देऊन ऐकतात. "थर वाळला का? किती वेळ झाला? नखावर पाहिलेस?" एवढेच विचारतात. त्यांच्या जुन्या वहीतून चरबा, म्हणजे पातळ कागदावरची नक्कल, घेऊन मी एक चित्र करते आहे. आंब्याच्या फांदीवर बसलेला पोपट. पंख झाले, चोच झाली, फांदीचे पर्दाख्तही झाले. डोळा राहिला आहे.

डोळा म्हणजे काय, एक काळा ठिपका आणि त्याच्या आत मोहरीहून लहान पांढरा ठिपका. पण तो केसभर सरकला तर पोपट मेल्यासारखा दिसतो. मी चाचांना म्हटले, "चाचा, तुमचा दुसरा डोळाही बरा होऊ दे. मग डोळा तुम्हीच काढा."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काढायचा तूच. पण मला नीट दिसू लागल्यावर काढ. मला बघायचंय."

दुसरे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. चित्र मी मलमलीत गुंडाळून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, कपाटात ठेवले आहे. रोज संध्याकाळी दुरेघी वहीत नुसते पोपटाचे डोळे काढते. काल साठ काढले.