खारा हौद, गोडे पाणी

मस्कतला आमच्या भाईजानांच्या घरी पोहण्यासाठी खाऱ्या पाण्याचा हौद आहे. पाणी खारट, म्हणजे क्लोरीन नको, असे अनेकांना वाटते. खरे तर यंत्र त्या मिठापासूनच क्लोरीन बनवते आणि उन्हाळ्यातले कडक ऊन ते काही तासांत उडवते. म्हणून सुटीत तिथे असताना आम्ही यंत्र मगरिबनंतर रात्रभर चालवतो. क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे सायन्युरिक आम्ल बेताने घालतो आणि रोज पट्टीने पाणी तपासतो. क्लोरीन किमान 2 पीपीएम असेल तरच मुलांना उतरू देतो. पाणी हिरवे पडल्यावर हौद उपसणे सोपे. पण तिथले बहुतेक गोडे पाणी समुद्राचा खारटपणा काढून मिळवलेले असते. पाकी राखायची, तशी इसराफपासूनही तोबा करायची.