यश त्यांच्या खाती, चूक माझ्या नावे

दीपावलीच्या वहीपूजनात नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी आणि अभयकुमारांची बुद्धी मागतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे मागणे आहे. परंतु आपल्या आयुष्याच्या वहीवर कोणते वाक्य लिहावे? साठी पूर्ण होऊन दुकानाचा कारभार मुलाकडे सोपवताना हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. गादीमागच्या भिंतीवर माझे म्हणून एक वाक्य असावे, अशी त्याची इच्छा होती.

प्रथम मनात आले, ‘सर्व काही देवाची कृपा.’ वाक्य नम्र होते, पण आपल्या दर्शनाशी जुळेना. अरिहंत वीतराग आहेत. ते कोणावर प्रसन्न होत नाहीत, कोणावर रुष्टही होत नाहीत. णमोकार महामंत्रात पंच परमेष्ठींना वंदन आहे. त्यात कोणा व्यक्तीचे नाव नाही की ऐहिक मागणे नाही. मग ‘मीच माझ्या भाग्याचा शिल्पकार’ असे लिहावे? कर्मसिद्धान्ताला ते धरून होते, पण त्यातला ‘मी’ माझ्याच कानांना खटकला. एका वाक्यात जबाबदारी सुटत होती, तर दुसऱ्यात अहंकार चढत होता.

हा पेच आनंद श्रावकांच्या कथेने सोडवला. उपासकदशा सूत्रातील दहा श्रावकांपैकी हे पहिले. वाणिज्यग्रामच्या या धनाढ्य गृहस्थांनी परिग्रहाला मर्यादा घालून बारा व्रते स्वीकारली होती. अखेरीस संलेखनेत असताना त्यांना अवधिज्ञान झाले. गृहस्थाला एवढे विशाल ज्ञान होणे गौतमस्वामींना शक्य वाटेना. त्यांनी आनंदांना प्रायश्चित्त घेण्यास सांगितले. आनंद विनयाने, पण सत्यावर ठाम राहिले. आनंदांचे म्हणणे खरे आहे, असे भगवान महावीरांनी सांगताच प्रभूंचे प्रथम गणधर त्या गृहस्थाकडे परत गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. ज्यांची लब्धी आपण वहीवर मागतो, त्यांची ही नम्रता मात्र मागायची राहून जाते.

मग व्यापाऱ्याच्याच भाषेत वाक्य सुचले : ‘यश त्यांच्या खाती, चूक माझ्या नावे.’ वीतराग प्रभूंना ते यश नको आहे, हे मी जाणतो. पण तेथे जमा केले की ते माझ्याकडे शिल्लक राहत नाही, एवढेच मला हवे होते. श्रद्धा त्यांनी दाखवलेल्या मार्गावर. हिशेब मात्र आपलाच.

कसोटी लगेच आली. स्थानकाच्या सभागृहासाठी आमच्या घरातून देणगी गेली होती आणि आमच्या नावाची संगमरवरी पाटी बसायची होती. मी नको म्हटले. नाव पाहून इतरांनाही देण्याची प्रेरणा होते, असे मुलाचे मत पडले. त्यात तथ्यही होते. तेव्हा पत्नी म्हणाली, ‘‘दुकानाच्या भिंतीवर हे वाक्य आणि स्थानकाच्या भिंतीवर आपले नाव, हा मेळ कसा बसायचा?’’ पाटी बसली. तिच्यावर ‘एक श्रावक परिवार’ एवढीच अक्षरे आहेत. प्रेरणा राहिली, नाव गेले.

वाचकहो, आपणही येत्या वहीपूजनापूर्वी घरातल्यांसह असे एक वाक्य निवडावे. ते ऐकायला गोड नसले तरी चालेल. पाळताना थोडे जड जावे, म्हणजे ते आपले झाले.