स्वस्त ट्रक, महाग पेट्रोल

१९४५ नंतर अमेरिकी सैन्य मायदेशी परतले; त्यांचे अडीच टनी जीएमसी ट्रक मात्र हजारोंनी फ्रान्समध्ये राहिले. त्यांतले अनेक पुढे जंगलातून ओंडके वाहणाऱ्यांच्या हाती आले. तिन्ही अ‍ॅक्सलना इंजिनाचा जोर असल्याने चिखलाची तमा नव्हती. काहींना पुढे विंचही आयतीच. पण तहान अफाट! भाड्याचा नफा पेट्रोलच्या टाकीतच जिरे. म्हणून कित्येकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवले. एक ट्रक मोडून दुसरा चालता ठेवावा, तर त्यातही गोम होती. कारखान्यातूनच या ट्रकांना दोन निरनिराळ्या बनावटींचे अ‍ॅक्सल बसवलेले असत. एकाचे भाग दुसऱ्याला लागत नसत. त्यामुळे मोडीतला ट्रक घेताना जाणकार आधी खाली वाकून डिफरन्शियलचा आकार पाही. किमतीची घासाघीस नंतर.