ऊन पाणी

ऊस एकदाचा कारखान्याला गेला, की आमच्या अंकुशनगर भागात माणसाचे हात चार दिवस मोकळे होतात. मोकळे म्हणजे काय, रानात पाचट तसंच पडलेलं असतं, खोडव्याचे बुडखे छाटायचे असतात. पण यंदा पोरगा म्हणला, "दादा, तेवढं मी बघतो. तुम्ही आईला घेऊन माहूरला जाऊन या." लग्नाला चाळीस वर्षं झाली. आम्ही दोघं मिळून चार दिवस गावाबाहेर राहिलो ते पहिल्यांदाच.

माहूरला रेणुकामाता झाली, दत्तशिखर झालं, अनसूयामाता झाली. चढउतारानं मंडळीचे गुडघे धरले. जीपवाला म्हणला, उद्या परतायचंच आहे तर उनकेश्वर करून जाऊ, पाय शेकून निघतील. हे उनकेश्वर किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या अंगाला. वाटेनं सागाचं रान, मधूनच फुललेला पळस. आमच्याकडं नजर जाईल तिथं ऊस नाही तर कपाशी; एवढं झाड एका जागी बघायची सवय नाही.

गावाच्या नावातच ऊन आहे. महादेवाचं देऊळ आणि गरम पाण्याची कुंडं. शरभंग ऋषीच्या अंगावरचं दुखणं जावं म्हणून रामानं बाण मारून हे पाणी काढलं, असं सांगतात. खरूज-नायट्याची माणसं आजही लांबून येतात. पाण्याला गंधकाचा वास येतो. आम्ही द्राक्षावर गंधक मारलेलं, त्यामुळं मला तो वास ओळखीचा. मंडळीनं मात्र पहिल्यांदा पदर नाकाला लावला.

मग आम्ही कडेला बसून पाय सोडले. पहिल्यांदा चटका बसल्यासारखं झालं, मग पोटऱ्या सैल पडल्या. मी आयुष्यभर पाण्यात उभा राहिलेला माणूस, पण थंड पाण्यात. 1976 साली इंदिरा गांधींच्या हातानं पैठणच्या धरणाचं उद्घाटन झालं, तेव्हा मी शाळेत होतो. पुढं डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि दारं धरणं माझ्या वाट्याला आलं. लाइट रात्रीची, पौषात नडगीपर्यंत चिखलात उभं राहायचं. 2012च्या दुष्काळात तर टँकरच्या पाण्यानं मोसंबी जगवली, बादली-बादली मोजून. तीही निम्मीच जगली. इथं मात्र मोटार नाही, पाळी नाही, बटण नाही. पाणी आपलं येतच होतं.

हे तापतं कशानं, ते मागं एका मास्तरांनी सांगितलं होतं. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून लय खोल जातं. जमिनीत खाली जावं तसं ऊब वाढते, किलोमीटरमागं पंचवीस-तीस अंश. तिथं तापलेलं पाणी वाट सापडली की वर येतं. मला ते पटलं, कारण खोल बोअरचं पाणी हिवाळ्यात हाताला कोमट लागतं ते आम्ही रोज बघतो. रामाचा बाणही पटतो. बाणानं भेगच पाडली असंल की.

हे मी मंडळीला सांगत होतो. तिचं ध्यान नव्हतं. तिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा आहेत, त्यात माती बसून काळ्या झालेल्या. त्या ती अंगठ्यानं हळूहळू चोळत होती. घरी तिला असं बसलेलं मी बघितलेलं नाही. बसली तरी हातात शेंगा नाही तर निवडायची भाजी. जरा वेळानं म्हणली, "अवं, चाळीस वर्षं पहाटं उठून चूल घातली, घरादाराच्या आंघोळीचं पाणी तापवलं. मला कुणी तापवून दिलेलं हे पहिलंच पाणी."

राग नव्हता तिच्या बोलण्यात. त्यामुळंच मला काही बोलता आलं नाही. मी नुसता पाण्याकडं बघत राहिलो.

तेवढ्यात पोराचा फोन आला. कालव्याला पाणी सुटलंय, रात्री आपली पाळी, केव्हा पोचताय? मी धोतर सावरून उठायला लागलो. तिकडून जीपवाल्यानंही हॉर्न दिला. मंडळीनं पाय काही काढले नाहीत.

"त्याला म्हणावं, आजच्या रात्री तू धर दारं," ती म्हणली, आणि लुगडं आणखी वितभर वर घेऊन दुसरी टाच चोळायला लागली.

मी पोराला तसंच सांगितलं, अन् परत बसलो.