विहिरीतला पाहुणा

शंकराच्या देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असतं, ते तुम्ही पाहिलं असेलच. पण खरंखुरं, जिवंत कासव कधी हातात घेतलंय? मी घेतलंय. आणि त्याच्याशी चुकीचं वागलोही आहे. तीच गोष्ट आज सांगतो.

मी तेव्हा सहावीत होतो. त्या उन्हाळ्यात गावचं तळं पार आटलं. लोक शेतात टाकायला तळातला गाळ खणून नेऊ लागले. आम्ही पोरंही घमेली घेऊन मदतीला! एका जागी फावडं ‘खट्’ वाजलं. दगड असेल म्हणून हाताने गाळ उकरला, तर काय! थाळीएवढं कासव! पाणी नाही, खाणं नाही आणि स्वारी गाळात खुशाल झोपलेली.

मी ते उलटं करून पाहिलं. पोटाकडे, मागच्या बाजूला कातडीच्या दोन झडपा होत्या. मागचे पाय आत ओढले की झडपा बंद. दार लावून घेतल्यासारखं! या झडपांवरूनच इंग्रजीत त्याला ‘इंडियन फ्लॅपशेल टर्टल’ म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. पाठीच्या हाडाच्या ढालीवर खवले नाहीत, तर गुळगुळीत कातडी. नाक पुढे आलेलं, नळीसारखं. तेवढंच टोक पाण्याबाहेर काढून ते श्वास घेतं.

“विहिरीत सोड रे, पाणी स्वच्छ राहतं,” कुणीतरी म्हणालं. झालं! मळ्यातल्या आमच्या विहिरीत मी ते सोडलं. रोज काठावरून वाकून बघायचो. शाळा सुरू झाल्यावर तर माझा भाव एकदम वधारला!

मग पाऊस सुरू झाला. एके दिवशी पाहतो तर कासव विहिरीच्या दगडांत नखं रुतवून वर चढू पाहतंय. हातभर चढायचं आणि धपकन पाण्यात पडायचं. पुन्हा चढायचं, पुन्हा पडायचं. मला हसू आलं. गंमत दाखवायला मी आजोबांना बोलावलं. ते मात्र हसले नाहीत.

“अरे, त्याला वर यायचंय,” ते म्हणाले. “पाऊस पडला की कासवं वाटेला लागतात. या डबक्यातनं त्या तळ्यात जातात. आणि मादी असली तर अंडी घालायला माती नको का? विहिरीत कुठली आलीय माती?”

मी गप्प झालो.

आजोबा शाळेत गेले नव्हते, पण त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. मादी काठावरच्या मातीत खड्डा करून गोट्यांसारखी गोल अंडी घालते आणि खड्डा बुजवते. पिल्लं बाहेर यायला कित्येक महिने लागतात. गोगलगायी, बेडूक, मासे, किडे, पाणवनस्पती, मेलेले प्राणी, सगळं हे कासव खातं. म्हणजे साफसफाई करतं हे खरं, पण ती तळ्याची! बांधीव विहीर म्हणजे त्याच्यासाठी तुरुंगच.

आम्ही दोराला पाटी बांधून विहिरीत सोडली. तीन दिवस ते हुलकावणी देत होतं. चौथ्या दिवशी एकदाचं पाटीत आलं. तळ्यात पाणी साचलं होतं. काठावर ठेवल्यावर बराच वेळ ते दगडासारखं बसून राहिलं. मग हळूच लांबलचक मान बाहेर काढली आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता सर्रकन पाण्यात शिरलं. मला जरा वाईट वाटलं, पण बरंही वाटलं.

आजही ‘घरात कासव असलं की भरभराट होते’ म्हणून लोक कासवं विकत घेतात, काचेच्या पेटीत ठेवतात. या कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. कुणाकडे दिसलं तर आईबाबांना सांगा आणि वनविभागाला कळवा.

देवळातलं दगडी कासव जागचं हलत नाही. खऱ्या कासवाला मात्र पाऊस आला की वाटेला लागायचं असतं, बरं का!