दहा पौंडांचे घर

देवळाशेजारच्या भटजींच्या घराचे मोल किती, असा प्रश्न आमच्या महाजनांच्या सभेत एकदा निघाला होता. मातीच्या भिंती, वाळवी लागलेले वासे आणि दर पावसाळ्यापूर्वी परतावी लागणारी कौले पाहता हिशेब सोपा वाटला. घर पाडून तेथे पक्की इमारत बांधावी, असा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. भटजींच्या वृद्ध पत्नीने एवढेच म्हटले, "मी असेपर्यंत तरी राहू द्या." त्यावर कोणी काही उत्तर दिल्याचे आम्हांस स्मरत नाही. चार महिन्यांत घर गेले.

पुढे मुलाकडे इंग्लंडास जाण्याचा योग आला. तेथील मोठमोठी मंदिरे, राजवाडे पाहून झाले. परंतु आमच्या मनात घर करून राहिले ते एक खेड्यातले झोपडीवजा घर. ससेक्स परगण्यात, ककमियर नदीच्या काठी, अल्फ्रिस्टन नावाचे गाव आहे. गावच्या हिरव्या पटांगणाशी सेंट अँड्र्यूचे चर्च, आणि त्याच्या निकट गवताने शाकारलेले हे घर. नाव 'क्लर्जी हाऊस', म्हणजे धर्मोपदेशकाचे घर. ते चौदाव्या शतकातले. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली त्याच्या पुढच्या शतकातले म्हटले म्हणजे वाचकांस त्याच्या वयाचा अदमास येईल.

घराचा सांगाडा ओकच्या लाकडाचा. तुळईस खाच पाडून दुसरी तुळई तीत बसवावयाची आणि लाकडाचीच मेख ठोकावयाची, अशी ही सुतारी. खांबांमधल्या जागेत काठ्या विणून त्यांवर माती लिंपलेली. हे पाहून आम्हांस हसू आले. ही तर आपल्या कोकणातली कुडाची भिंत! मध्यभागी माजघर असून त्यावर माडी नाही, त्यामुळे नजर थेट छपरापर्यंत जाते. अशा घरांत पूर्वी जमिनीवर मधोमध आगटी पेटत असे. धुराडे नसे, धूर छपरातूनच आपली वाट काढी. माजघराच्या दोन्ही अंगांस दुमजली दालने बांधावयाची, वरचा मजला किंचित पुढे काढावयाचा, आणि या सर्वांवर एकच छप्पर घालावयाचे, ही त्या प्रांतातील घरबांधणीची रीत.

परंतु आम्ही थांबलो ते जमिनीपाशी. खडूसारखा पांढरा दगड ठोकून बसवून त्यावर आंबलेल्या दुधाचा हात दिलेला, त्यायोगे जमीन घट्ट व्हावी म्हणून. खाली वाकून आम्ही तीस हात लावला. लहानपणी सणावाराच्या आदल्या दिवशी आई शेणाने जमीन सारवी, तिच्या बोटांच्या अर्धवर्तुळांची आठवण झाली. गाय तिकडेही घराच्या जमिनीत उतरली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या घराची दशा आमच्या भटजींच्या घराहून बरी नव्हती. धर्मोपदेशक केव्हाच दुसरीकडे राहावयास गेले होते; पडक्या घरात गरीब कुटुंबे दिवस काढीत. ते पाडून टाकावे, असा मालकांचा विचार होता. तेथेही एका वृद्धेने आपले अखेरचे दिवस याच घरात जावेत म्हणून विनविले, आणि तिचे ऐकले गेले, असे सांगतात. तेवढ्या अवधीत घर टिकले. पुढे गावचे धर्मोपदेशक बेनन यांनी ते वाचविण्याचा ध्यास घेतला. विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या वास्तूंच्या रक्षणार्थ स्थापिलेल्या संस्थेकडे त्यांनी धाव घेतली. १८९५ साली नॅशनल ट्रस्टची स्थापना झाली आणि १८९६ साली त्या ट्रस्टने हे घर दहा पौंडांस विकत घेतले. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत. संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल यांनी दुरुस्तीसाठी वर्गणी मागितली. आल्फ्रेड पॉवेल या वास्तुकाराने काम हाती घेतले. मॉरिस यांच्या संस्थेचे तत्त्व असे, की जुन्याचे नवे करू नये. जितके कुजले तितकेच बदलावे आणि उरलेले जपावे.

माजघरातील लाकडावर ओकचे एक पान कोरलेले आहे. ट्रस्टचे ओकपानाचे बोधचिन्ह त्यावरूनच सुचले असावे, असे म्हणतात. ते पान पाहताना आम्हांस भटजींच्या दाराची चौकट आठवली. तिच्या गणेशपट्टीवर कमळ कोरलेले होते. नव्या इमारतीच्या समाराधनेच्या दिवशी ती चौकट चुलीत गेली. त्या चुलीवरचा भात आम्हीही जेवलो.

अल्फ्रिस्टनच्या घरात आज कोणाचा संसार नाही. आम्ही तिकीट काढून आत गेलो होतो. आमच्या भटजींस मात्र न गळणारे छप्पर हवे होते, न्हाणीघर हवे होते, आणि ते मागणे रास्तच होते. मातीचे घर आमच्या पावसात राखणे सोपे नाही. पण घर राखून हे सारे करता येईल का, हे आम्ही कोणासही विचारले नाही. पाडण्याचा खर्च विचारला, बांधण्याचा विचारला. दुरुस्तीचा विचारलाच नाही.

आपण या कामास जीर्णोद्धार म्हणतो. शब्द किती सुंदर आहे! जे जीर्ण आहे त्याचा उद्धार. परंतु जीर्णच उरले नाही, तर उद्धार कोणाचा करावयाचा?

तळीच्या काठची जुनी अग्रशाळा अद्याप उभी आहे. तिच्याही भिंती मातीच्या आहेत, आणि येत्या सभेत तिचा विषय निघणार आहे. या खेपेस आम्ही हात वर करण्यापूर्वी एकच मागणे मागणार आहोत: जुन्या कामाची जाण असलेला सुतार आणि गवंडी आणून आधी दुरुस्तीचा अंदाज काढावा. मग सभेने काय ठरवावयाचे ते ठरवावे. भटजींच्या पत्नीस उत्तर देण्याची वेळ तर निघून गेली. निदान तिचा प्रश्न तरी दुसऱ्यांदा अनुत्तरित राहू नये.