पुन्हा पहिल्यापासून

‘बदली’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. नोकरदार एका गावाहून दुसऱ्या गावी जातो ती बदली, आणि एकाच्या जागी तात्पुरता उभा राहतो तोही बदली. सैनिकाच्या घरात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. तो बदलीवर जातो आणि घरात त्याच्या जागी कोणीतरी बदली म्हणून उभे राहते. असे एक ‘कोणीतरी’ आमच्या एम.ए.च्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होते आणि आम्हांला ते दीड वर्ष कळले नव्हते.

आम्ही दोघे सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. या जिल्ह्यात फौजी घर ही नवलाई नव्हे. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. त्यामुळे सैनिकाची मुलगी म्हटली की आमच्या मनात एक तयार चित्र असते : शिस्त, अभिमान, सुट्टीवर येणारे वडील. ही विद्यार्थिनी मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी हटकून गैरहजर राही. एकदा आमच्यापैकी एकाने भर वर्गात सुनावले, “एम.ए. ही सवडीने करायची गोष्ट नाही.” ती खाली मान घालून ऐकत राहिली.

नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळले. तिला अकरा वर्षांचा स्वमग्न भाऊ आहे, वडील हवालदार आहेत आणि सीमेवर आहेत. मंगळवारी व शुक्रवारी त्याला स्पीच थेरपीसाठी शहरात न्यावे लागते. एस.टी.त गर्दी झाली, कुणी जोरात शिट्टी मारली की तो बिथरतो. एकट्या आईला आवरत नाही. त्या रविवारी आम्ही तिच्या घरी गेलो. क्षमा मागायला गेलो होतो खरे, पण तिच्या आईने त्या विषयाला जागाच ठेवली नाही. चहा पुढे करून त्या म्हणाल्या, “सर, मॅडम, पोरगं आहे तसंच आहे. त्याचं मला काही वाटत नाही. पण दर गावाला पुन्हा पहिल्यापासनं सांगायचं. काय आवडतं, कशाला भितो, कधी बोलायला लागला. सांगून सांगूनच दमले मी.”

मुलाचे निदान झाले ते उत्तरेतल्या एका छावणीत. तिथे ‘आशा’ शाळा होती. सैन्यातल्या पत्नींच्या कल्याण संघटनेने, म्हणजे ‘आवा’ने, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी ठिकठिकाणच्या छावण्यांत या शाळा उभ्या केल्या आहेत, पुण्यातही एक आहे. नौदलाच्या ‘संकल्प’ आणि हवाई दलाच्या ‘उमीद’ या त्यांच्याच बहिणी. त्या आईच्या तोंडी ‘आशा’चे नाव माहेरासारखे येत होते. तिथे मूल पहिल्यांदा शब्द बोलले, आणि मुख्य म्हणजे तिथे तिला तिच्यासारख्या दहाजणी भेटल्या. मग वडिलांना फील्डची पोस्टिंग आली. तिथे कुटुंब नेता येत नाही. मायलेकरे गावी परतली.

मदत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाच्या मान्य प्रकारांची संख्या सातावरून एकवीसवर नेली आणि त्यांत स्वमग्नता आली. एका राज्यात मिळालेले प्रमाणपत्र देशभर चालावे, असेही तोच कायदा सांगतो. मुलांच्या शिक्षणभत्त्याची प्रतिपूर्ती अशा मुलासाठी दुप्पट दराने मिळते. स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे, फक्त कागद वेळेवर झालेले असावे लागतात. आणि सैनिकाला घरच्या अडचणीसाठी अनुकंपा तत्त्वावर सोयीच्या ठिकाणी बदली मागता येते. २०१४मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाने अपंग अपत्याचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट देण्याचा आदेश काढला, पण तो मुलकी सेवेचा. सैन्याच्या नोकरीत एकाची अडचण दूर करायची तर त्याच्या जागी सीमेवर दुसरा जावा लागतो. हे त्या माउलीला आमच्यापेक्षा चांगले कळत होते. “सगळ्यांचीच लेकरं आहेत,” एवढेच त्या म्हणाल्या.

म्हणजे गाठ निराळीच आहे. भत्ता बदलीबरोबर जातो, प्रमाणपत्र जाते. मुलाविषयीचे ज्ञान मात्र जुन्या बाईंपाशी मागे राहते. अमेरिकेच्या सैन्यदलांत अशा कुटुंबांची नोंदणी सक्तीची आहे, आणि कुटुंबासह बदली ठरवताना नव्या ठिकाणी मुलाला लागणाऱ्या सेवा आहेत का, हे आधी पाहिले जाते. तिथेही सारे सुरळीत असेल, असे आम्ही समजत नाही. पण मुलाची माहिती मुलाच्या आधी पोचली पाहिजे, हे तत्त्व आम्हांला पटते.

आमच्या भाषेच्या माणसांना आणखी एक गोष्ट खुपली. हा मुलगा बोलायला शिकला तो हिंदीत. गावी आल्यावर तो “पानी दो” म्हणे आणि आजी, नातू परका झाला म्हणून, डोळ्यांना पदर लावी. अहवाल इंग्रजीत, तो ना आजीला वाचता येई ना आईला. तालुक्याच्या एका शाळेने तो बाजूला ठेवून सगळ्या चाचण्या नव्याने घ्यायला सांगितल्या. बोली, प्रमाणभाषा, द्विभाषिकता यांवर आम्ही वर्षानुवर्षे टिपणे देत आलो. एका मुलाचे पंधरा-वीस शब्द बदलीत हरवू शकतात, हे त्या टिपणांत कुठेही नव्हते.

आमच्या हातून झाले ते फार थोडे. आई सांगत गेली, मुलीने लिहिले, आम्ही भाषा नीट केली, आणि एक चाळीस पानी वही तयार झाली. ‘गाडी’ म्हणाला तर त्याला बाहेर जायचे असते. कान झाकले तर प्रश्न विचारू नयेत. कुकरची शिट्टी होण्याआधी सांगावे. डाव्या हाताला धरून चालवावे. शेवटी, त्याला काय येते याची यादी. ती आम्हांला वाटली होती त्याहून लांब झाली. डाव्या पानावर मराठी, उजव्यावर हिंदी. लिहिताना आमच्यातल्या एकाने सवयीने काही वाक्ये सुबक केली होती. ती आईने खोडायला लावली : “असं नाही करत तो, मॅडम.” चांगल्या गद्याचा धडा आम्ही त्या दुपारी नव्याने गिरवला.

पुढच्या जूनमध्ये वडिलांची बदली अशा छावणीत झाली, जिथे कुटुंब नेता येते आणि ‘आशा’ शाळाही आहे. मुलगी परीक्षेसाठी आजीपाशी राहिली. हजेरीपटावरचे तिचे ‘गै.’ आता पुसता येण्यासारखे नाहीत.

ऑगस्टमध्ये तिच्या आईचा फोन आला. नव्या शाळेतल्या बाईंनी वही घरी नेऊन वाचली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “कुकरच्या शिट्टीला भितो असं लिहिलंय. रेल्वेच्या शिट्टीलाही भितो का? शाळेमागून रूळ जातो.”

“मला ते ठाऊकच नव्हतं, सर,” त्या म्हणाल्या. “मग आम्ही दोघी मिळून त्याला रुळाकडं घेऊन गेलो.”